गाडीकडे पाठ करून

आमच्या ह्यांना, म्हणजे सुभाषना, नावड्याच्या सोसायटीत सगळे वेडा समजतात. समजू देत! चांगली उभी बुलेट दर रविवारी पार्किंगमध्ये जुन्या गादीवर आडवी करायची आणि परत उचलायची, हे काय शहाण्याचं लक्षण आहे?

गाडी आमच्या केयूरची. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने चार दिवसांत गेला माझा पोरगा. सव्वीस वर्षांचा. हे तेव्हा तळोज्याला फिटर होते, आता रिटायर झालेत. तेराव्यालाच म्हणाले, "मला उचलता येतेय तोवर गाडी राहील. नाही उचलली, त्या दिवशी विकली." हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नाहीत. मला कोण विचारतंय! गाडी जाऊ नये म्हणून दर रविवारी मी खिडकीत देव पाण्यात घालून बसायची.

गेल्या रविवारी नाही उचलली गेली. तीनदा गाडीला पाठ लावून बघितलं, गाडी हलेना. मग चिडले, गाडीकडे तोंड करून वाकले आणि दिला हिसका. ज्यासाठी सोसायटीतल्या पोरांना शिव्या घालायचे, तेच स्वतः केलं. कमरेत चमक भरली आणि तिथेच खाली बसले.

मी धावत खाली गेले. "संपलं," ते म्हणाले. "त्या शेजारच्या दिपेशला फोन कर. कधीचा मागतोय, घेऊन जा म्हणावं."

मी पदर खोचला. चावी बंद होती, गाडी गिअरमध्ये होती, वरच्या बाजूचा स्टँड आधीच बाहेर काढलेला. हँडल जमिनीकडे वळवलं. सीटला पाठ टेकून उकिडवी बसले. एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा सीटखालच्या दांड्याला. पाठ ताठ ठेवली आणि सगळा जोर पायांवर घेऊन मागे मागे लहान पावलं टाकत गेले. गाडी उभी राहिली, स्टँडवर टेकली.

हे बघतच राहिले. "तुला कोणी शिकवलं?"

"केयूरने. तुम्ही सेकंड शिफ्टला होतात. म्हणाला, आई, ताकद नाही लागत, पाठ कर आणि चालायला लाग. बाबांना सांगू नको, ओरडतील."

दोन वर्षं मी हे कोणाला बोलले नव्हते. फोटो, कपडे, गाडी, सगळं दोघांचं. पोराचं एवढंच माझं एकटीचं होतं, जपून ठेवलेलं.

"दिपेशला करू का फोन?" मी विचारलं.

"नको." डोळे पुसत ते म्हणाले, "अजून काय म्हणाला गं तो?"

मी खूप आठवून बघितलं.

"चहा टाक म्हणाला. एवढंच हो."