जळगावातली ती वह्या दाबायची दुपार

लग्नानंतरचा माझा पहिला उन्हाळा. जळगावात सासऱ्यांचं बाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं... देश स्वतंत्र होऊन दहा-एक वर्षं झाली असतील. आता मी पंच्याऐंशीची आहे. मी सांगतेय आणि नात टाइप करतेय.

सासूबाई नव्हत्या. सासरे, म्हणजे नाना, नुकतेच मोठ्या आजारातून उठले होते. जामनेरकडच्या एका नव्या शाळेनं जाड पुठ्ठ्याच्या वह्यांची ऑर्डर दिली होती. हे काम नीट झालं तर आसपासच्या शाळांची कामंही मिळतील, अशी नानांना आशा होती.

हे, म्हणजे माझे यजमान, बाइंडिंगचं कापड आणायला धुळ्याला गेलेले. शाळेचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं येणार होता. नानांनी आणि मी मिळून सगळ्या वह्यांना खळ लावून पुठ्ठे चिकटवले... आता फक्त शिकंज्यात दाबून वाळवायच्या होत्या.

शिकंजा म्हणजे वह्या दाबायचं लोखंडी यंत्र. मी दांडा फिरवला आणि कट्‌कन आवाज झाला. स्क्रूचे आटेच गेले!

नाना मटकन खाली बसले. त्या उन्हात ओले पुठ्ठे वजनाशिवाय ठेवले की वाकणार, हे मलाही कळत होतं. माझ्या डोक्यात मात्र भलतंच... यंत्र मोडलं ते नव्या सुनेच्या हातात. आता गल्ली मला पांढऱ्या पायाची म्हणणार.

पाटा आणला, वरवंटा आणला, पाण्याचे हंडे भरून ठेवले. दोन गठ्ठे कसेबसे दबले, बाकीचे तसेच. वरच्या वहीचे कोपरे उचलायला लागलेले दिसत होते.

मग मी पदर खोचला आणि शेजारी गेले. तोवर त्या बायकांशी मी धड बोललेही नव्हते. "वह्यांवर फळ्या टाकते, जरा येऊन बसता का?" एवढंच कसंबसं म्हणाले.

चौघी-पाचजणी आल्या. गठ्ठे पाहून एक मागेच सरली, अहिराणीत म्हणाली, "पुस्तकवर बसानं? नही माय, इद्या शे ती!"

बाकीच्याही थबकल्या. मी नानांकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. त्यांनाही ते पटत नसणार... कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस.

तेवढ्यात समोरच्या अक्का पुढे आल्या. मूळच्या धुळ्याकडच्या, गल्लीत सगळ्यांत वयानं मोठ्या. त्यांनी एक वही अलगद उघडली, पानं चाळली.

"अवं, हाई ते कोरं शे! येम्हा एक बी अक्षर नही, मंग पाप कसानं? बसा वं बठ्ठ्या!"

आणि गठ्ठ्याला हात जोडून त्या स्वतः आधी बसल्या. मग सगळ्या बसल्या, शेवटच्या गठ्ठ्यावर मी. सासऱ्यांसमोर उंचावर बसायची मला लाज वाटत होती. ते ओळखून नाना ओट्यावर जाऊन पाठ करून बसले आणि तिथूनच ओरडत राहिले, "हलू नका गं!"

ऊन उतरेपर्यंत आम्ही तशाच. गप्पा रंगल्या, पण माझं लक्ष सगळं बुडाखालच्या वह्यांत... मग एकेक फळी उचलली.

पुठ्ठे सरळ. एकही वाकला नव्हता.

सकाळी शाळेच्या माणसानं वहीवरून हात फिरवला आणि पुढचं काम तिथेच सांगितलं. नाना म्हणाले, "यातल्या अर्ध्या सूनबाईंनी बांधल्यात." मी दाराआड उभी होते... रडूच आलं.

त्या दुपारी निघताना अक्कांनी विचारलं होतं, "तुनं नाव काय शे वं, पोरी?" तोवर त्या गल्लीत मी नुसती नानांची सून होते. अक्का जाऊन कितीतरी वर्षं झाली... त्या दिवशी त्या आधी बसल्या, म्हणून मी त्या गावची झाले.