काचेवरची मेंढरं

मार्गासनीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावर विलायत पाहून आलेला माणूस एकच, बिरू. मुंबईहून बोटीवर कोळसा टाकणारा खलाशी म्हणून गेला. तिकडे बोट दुरुस्तीला अडकली आणि तीन महिने एका खानावळीत पडून राहिला. तिथल्या बैठकीच्या खोलीत टेलिव्हिजन होता. भाषा कळायची नाही, त्यामुळे बिरू त्यासमोर बसून पेंगायचा. पण एका संध्याकाळी काचेवर मेंढरं आली. एक म्हातारा मेंढी मांडीत दाबून लोकर कातरत होता. बिरूचे डोळे भरून आले. शेजारच्या गोऱ्याला तो मराठीतच म्हणाला, "पाय चुकीचा धरलाय, लाथ मारंल बगा." आणि मेंढीनं मारलीच!

छप्पन साली परतल्यावर त्यानं हे वाड्यावर सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पोरं मागून 'बें बें' करू लागली. म्हातारे तोंडावर हसायचे. विश्वास ठेवला फक्त त्याच्या लेकीनं, ठकूनं. आईविना वाढलेली ती पोर रोज विचारायची, "आबा, मग ती मेंढी पळाली का वो?"

वर्षभरानं ठकूची सोयरीक जुळली. सुपारी फोडायला सगळे जमले, तेव्हा मुलाचा बाप हरिबा पंचांना म्हणाला, "ह्यांना खोक्यात मेंढरं दिसत्यात म्हनं. घरान्यात येड आसंल, तर आमाला पोर नगं."

पंचांनी बिरोबाचा भंडारा पुढं सारला. "उचला, आनि खोटं बोललो म्हना. मिटलं."

भंडारा उचलून खोटं बोललं तर देव लेकरू नेतो, हे बिरूला लहानपणापासून ठाऊक. खरं सांगावं तर लेकीचं लग्न मोडतं, खोटं सांगावं तर लेकच जाते. अशा कात्रीत माणसाला धरून ती मंडळी निवांत पान चघळत होती. बिरूनं दाराआडच्या ठकूकडं पाहिलं आणि मूठ भरली.

"खोटं बोललो म्या. तसलं काय न्हाई."

हरिबानं पागोटं सारखं केलं आणि उठला. "म्हंजी येडा न्हाईस तू. वरीसभर समद्यांस्नी फसवलंस. लबाडाची पोर कशी करू?"

पंचांनी माना डोलावल्या. एकानं जाता जाता मेंढरासारखा आवाज काढला, बाकीचे पोट धरून हसले.

बिरू पिवळा हात मांडीवर ठेवून बसून राहिला. ठकू बाहेर आली. ती रडत नव्हती.

"आबा, ती मेंढी खोटी व्हती?"

भंडारा उचलून बोललेला शब्द आता फिरवायचा कसा?

"व्हय," बिरू म्हणाला.

ठकू आत गेली. त्यानंतर तिनं बापाला कधीच काही विचारलं नाही.