फूल काय पळून जानारे?

दर रविवारी आम्ही तिघं कार्ड भरभरून फोटो काढतो. घरी येऊन पाहिलं तर ठेवण्याजोगे दोन-तीन. किस्से मात्र डिलीट होत नाहीत, साठतच जातात. तिघं म्हणजे वसईचा मेल्विन, वालीवच्या वर्कशॉपमध्ये क्वालिटी तपासणारी सुनीता आणि विरारचा फ्लॅट सोडून चिखलात लोळायला निघणारा मी. पाऊस ओसरताना पाणथळीत येणारी बोटभर रानफुलं हा आमचा विषय.

* * *

चिंचोटीकडच्या बांधावर मी पोटावर आडवा होतो. एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने डोकावून विचारलं,

"काका, चक्कर आली का?"

"फोटो काढतोय."

"कशाचा?"

मी बोट दाखवलं. त्याला काही दिसेना. सूर्य फुलाच्या मागे आला की पाकळी आतून उजळते, हे सांगून पटेना. शेवटी तोही शेजारी आडवा झाला. रिक्षातल्या बाई हाका मारायला लागल्या तेव्हा म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं. तुम्ही पण या."

* * *

मेल्विनची लेन्स हातभर लांब. एकदा भातखाचरात तो फुलापासून पाच-सहा पावलं मागे बसला होता. शेतावरची आजी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"एवढा नळा घेऊन एवढ्या लांब का बसलास? फूल काय पळून जानारे?"

मेल्विनने नीट समजावलं. जवळ गेलं की आपलीच सावली पडते, फुलं तुडवली जातात. लांबून काढलं की मागचा सगळा पसारा धूसर होतो, फूल तेवढं उठून दिसतं.

आजी विचार करून म्हणाली, "मंग मान्सांचे बी लांबूनच काढत जा."

* * *

सुनीता एकदा कंपनीतला व्हर्नियर, सुटे भाग मोजायचा चिमटा, घेऊन आली. फुलं नक्की केवढी, हे तिला मोजायचं होतं. जांभळी सीतेची आसवं, एकाच डबक्याकाठची सात फुलं. सातही मापं वेगळी निघाली.

"आमच्याकडे हा अख्खा लॉट रिजेक्ट झाला असता," ती म्हणाली. मग व्हर्नियर पिशवीत टाकून तासभर नुसती बघत बसली.

* * *

गेल्या सप्टेंबरात आमच्या आवडत्या पाणथळीवर मातीने भरलेला डंपर उभा होता. भरणी सुरू होणार होती. जांभळी फुलं तर त्याच दिवशी पूर्ण बहरली होती.

"थांबवता नाही येणार?" सुनीताने ड्रायव्हरला विचारलं.

"ताई, मी नाही ओतली तर दुसरा ओतेल."

मेल्विनने फक्त कॅमेरा पुढे केला. ड्रायव्हरने एक डोळा मिटून पाहिलं. पलीकडून कोवळं ऊन येत होतं, लेन्समध्ये जांभळे दिवे लागल्यासारखे दिसत होते.

"हे इथलंच आहे?"

"तुमच्या पायाजवळचं."

त्याने खाली बघितलं आणि चप्पल काढून हातात घेतली.

"किती वेळ लागेल तुम्हाला?"

"अर्धा तास. मग ऊन वर जाईल."

त्याने जाऊन इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसला. दोनदा फोन वाजला. दोन्ही वेळा म्हणाला, "टायर बघतोय."

आम्ही मिळेल ते टिपत सुटलो. अर्ध्या तासाने तो बांधापर्यंत अनवाणीच आला. लग्नातले ग्रुप फोटो आटोपताना विचारतात तसं, फुलांकडे बघत हळूच विचारलं,

"झाले सगळ्यांचे? कोण राहिलं नाही ना?"