न्यूयॉर्क, तालुका गुहागर

मी आमच्या दिवाणखान्यात न्यूयॉर्क बांधलं आणि माझ्या मेव्हण्यांनी त्यावर गुहागरचा पत्ता घातला.

सविस्तर सांगतो. माझी मुलगी नाझिया जेद्द्यातल्या एका भारतीय शाळेत नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिच्या वाट्याला विषय आला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचा. कारखाने वाढले, जहाजं भरभरून परदेशी माणसं आली, अंधाऱ्या खोल्यांत कोंबली गेली आणि मग सुधारकांनी भांडून कायदे करवून घेतले. असले प्रकल्प शाहीन करायची, माझी बायको. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून नाझियाने वर्गात हात वर करणंच सोडलं होतं. या वेळी मात्र आपणहून म्हणाली, "अब्बा, स्टॉलवर मी बोलणार आहे. पण मॉडेल अम्मीच्या मॉडेलसारखं पाहिजे हां!"

मी हो म्हणालो. (पुस्तकाला कव्हर घालण्यापलीकडे मी आयुष्यात हातकाम केलेलं नाही.)

जुन्या पलंगाचं प्लायवूड कापून मी तीन मजली इमारत उभी केली. डावी बाजू सुधारणेपूर्वीची, म्हणजे खिडकी नाही, उजेड नाही, खोलीखोलीत मातीची माणसं खच्चून भरलेली. उजवी बाजू सुधारणेनंतरची. तिथे प्रत्येक खोलीला खिडकी आणि आत मोजकी माणसं. त्या खिडक्यांच्या कायद्याबद्दल मी इतकं वाचलं आणि इतकं ऐकवलं की नाझिया वैतागली. "अब्बा, प्रोजेक्ट है! थीसिस नहीं!"

आता हे सगळं शाळेपर्यंत न मोडता न्यायचं कसं? त्यासाठी घरातच तज्ज्ञ होते. शाहीनचे थोरले भाऊ, बशीरभाई, ती गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. जेद्द्याच्या शराफिया भागात त्यांचं कार्गोचं दुकान आहे. कोकणात सामान पाठवणाऱ्यांचे खोके बांधण्यात त्यांची उमर गेली. त्यांचा खोका विमानातून खाली पडला तरी उघडत नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. (जमिनीवरही उघडत नाही, हे मला नंतर कळलं.)

"बशीरभाई, एवढं नीट बांधून द्या. सकाळी शाळेत न्यायचंय."

"मास्तर, तुम्ही जाऊन वाचत बसा," ते म्हणाले. मी कुठल्याच शाळेत मास्तर नाही. पण चष्मा आणि पुस्तक एकत्र दिसलं की त्यांच्या लेखी माणूस मास्तर!

सकाळी खोका उचलताना माझी कंबर स्पष्ट म्हणाली, प्लायवूड एवढं जड नसतं. मी तिचं ऐकलं नाही. बशीरभाईही सोबत आले होते. शाळेच्या हॉलमध्ये दोघांनी तो ठेवला तेव्हा दिसलं, चारही बाजूंना जाड मार्करने माझ्या बहिणीचं नाव आणि खाली 'ता. गुहागर, जि. रत्नागिरी'.

"हे काय, बशीरभाई?"

"हात गेला सवयीने. खोका म्हटला की पत्ता नको?"

दोरी काही सुटेना. शेवटी शेजारच्या स्टॉलवरून कात्री आणली. खोका उघडला आणि हॉलभर ऊदच्या अत्तराचा घमघमाट सुटला! न्यूयॉर्कच्या प्रत्येक खोलीत सामान ठासून भरलेलं होतं. दूध पावडर, बाम, साबण, मोजे, खजूर. पोटमाळ्यावर अत्तराची बाटली सांडलेली.

"पोकळ खोका मी बांधत नाही," बशीरभाई अभिमानाने म्हणाले. "दबतो. आणि हे सगळं तुमच्या बहिणीला पाठवायचंच होतं की!"

"अहो, पण माणसं? माझी मातीची माणसं कुठायत?"

"काढली. वजन तीस किलोच्या वर जात होतं."

"शाळेला कसली आलीय वजनाची मर्यादा!"

"मास्तर, तीसच्या वर काटा गेला की माझा हातच चालत नाही. काळजी करू नका, माणसं घरी फ्रीजवर आहेत. सुखरूप आहेत."

मी खजूर उपसायला लागलो. बशीरभाईंनी ठासलेली वस्तू अशी निघते थोडीच! एक मोजा तेवढा हाती आला आणि त्याच वेळी परीक्षक बाई समोर उभ्या राहिल्या. नाझियाचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाप म्हणून पुढे झालो, घसा खाकरला... आणि हातात मोजा धरून नुसता उभा राहिलो!

बाईंनी वाकून पाहिलं. "बेटा, इसमें लोग कहाँ हैं?"

नाझिया म्हणाली, "मॅडम, सब फॅक्टरी गए हैं। डबल शिफ्ट."

"बच्चे भी?"

"जी मॅडम, बच्चे भी. इसीलिए तो रिफॉर्म करना पड़ा."

बाईंनी भुवया उंचावल्या. "और ये पत्ता?"

"इमिग्रंट का सामान है, मॅडम. घर जहाँ भी हो, पत्ता गाँव का ही लिखते हैं।"

बाई आता उजव्या बाजूकडे वळल्या. "लेकिन ये तो सुधरे हुए घर हैं। ये भी इतने भरे हुए?"

नाझियाने बशीरभाईंकडे पाहिलं. "वो... इनके मामू रहने आ गए थे."

बाई हसल्या, आजूबाजूचे पालक हसले आणि सगळ्यात मोठ्याने बशीरभाई हसले. मग नाझियाही हसायला लागली, शाहीनसारखी, ओढणी तोंडावर धरून. किती दिवसांनी! मी मोज्याने डोळे पुसले. (नवा होता.)

पहिलं बक्षीस खराखुरा धूर सोडणाऱ्या कारखान्याला गेलं, दुसरं आम्हाला. सामान काही केल्या निघेना, म्हणून बशीरभाईंनी न्यूयॉर्क आहे तसंच पुन्हा बांधून गुहागरला रवाना केलं.

नंतर बहिणीचा फोन आला. "भाई, मसाल्याचं कपाट झकास पाठवलंस हो! पण अर्ध्या खणांना खिडक्या कशाला ठेवल्यास? मुंग्या शिरतात ना आत!"

त्या खिडक्यांसाठी सुधारक सरकारशी कसे भांडले, यावर मी पुस्तकंच्या पुस्तकं वाचली होती. बहिणीला सगळं समजावून सांगावं म्हणून मी घसा साफ केला आणि म्हणालो,

"पुठ्ठा लाव."