आखाजीला निघालेली गाडी

माझ्या स्वयंपाकघरातली विळी टेम्पोच्या मोडक्या पाट्याची आहे. टेम्पोच्या मागच्या चाकावर कमान असते, एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची. त्यातला सगळ्यात लांब पाटा तुटला, तो आमच्या ह्यांनी भंगारात घातला नाही, लोहाराकडून विळी करून आणली. सूनबाई म्हणते, एवढी जड विळी कशाला ठेवलीय? मी म्हणते, धार चांगली आहे. खरं सांगायला बसले तर भाजी तशीच राहील.

नव्वद सालानंतरचे दिवस. आम्ही सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका खोलीत राहत होतो. कापडाच्या लूमवरचं काम सोडून ह्यांनी जुना पिकअप घेतला होता. आम्ही त्याला टेम्पोच म्हणायचो. माझं लग्न ठरलं तेव्हा गावातल्या भाऊबंदांनी नाकं मुरडली होती, पोरगी लूमवाल्याला देता म्हणून. आई एकटी माझ्या बाजूने उभी राहिली. त्यामुळे टेम्पो आला तेव्हा माझ्याइतकंच तिचंही नाक वर झालं. त्या वर्षी ती महिनाभर अंथरुणावर होती, तरी तिने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की या आखाजीला माझी लेक स्वतःच्या गाडीतून येणार.

खानदेशातल्या लेकीला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्याशिवाय चैन पडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी इच्छापोरला माल पोचवताना ह्यांचं चाक खड्ड्यात आदळलं आणि पाटा तुटला. लाकडाचा ठोकळा बांधून, माणसाच्या चालीने त्यांनी टेम्पो घरापर्यंत आणला. तो एका बाजूला कलून दारात उभा राहिला. नेहमीचा गॅरेजवाला लग्नासाठी त्याच्या गावी गेलेला.

"तू रेल्वेमा बशी निंघी जाय," हे म्हणाले. "मी मांगून येस."

"जासू ते आपली गाडीमाच," मी म्हणाले. "नही ते नही."

मी तशीच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागले.

पहिला दिवस गंजलेले बोल्ट काढण्यात गेला. मी रॉकेल ओतत होते, पाना धरत होते, ते हातोडा घालत होते. संध्याकाळी भंगार बाजारातून एक पाटा आणला. दुसऱ्या दिवशी सगळे पाटे एकावर एक रचून, शिकंज्यात दाबून, मधला बोल्ट घातला. सगळं बसवून झाल्यावर पाहतो तर चाक तिरकं. पाट्याची लांब बाजू मागे हवी ती पुढे गेली होती. पुढचं-मागचं टोक मीच त्यांच्या हातात दिलं होतं, घाईघाईत. ते चिडले नाहीत. सगळं पुन्हा खोलायला बसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्या संध्याकाळी समोरचा किराणावाला दारात आला. "बेन, गामथी फोन छे."

गावाहून माझा भाऊ बोलत होता. आई दोन दिवस काही खात नाही म्हणाला. आवाज उतरलेला होता. "ताई, आजच निंघ."

मी काय सांगितलं? गाडी सकाळी तयार होतेय, उद्या संध्याकाळपर्यंत दारात उभे राहतो म्हणून सांग तिला. फोन ठेवून परत आले आणि पाना उचलला. माझ्या मनात तेव्हा आईचा चेहराही आला नव्हता. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघतायत, एवढंच येत होतं. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण खरं आहे ते खरं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटा बसला. टेम्पो सरळ उभा राहिला. मी चाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, सांजोऱ्यांचा डबा पुढच्या सीटवर ठेवला. तेवढ्यात किराणावाला परत आला. या वेळी तो चार पावलं लांबच थांबला. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

आई पहाटे गेली होती.

रस्ताभर कमान एकदाही वाजली नाही. ह्यांनी काम चोख केलं होतं. मला मात्र वाटत होतं, आत्ता तूट, आत्ता तुझं काय अडलंय!

आम्ही पोचलो तेव्हा आईला न्यायला लोक माझ्यासाठी थांबले होते. अंगणातल्या कडुनिंबाखाली बैलांचे खुंटे असायचे, ते उपटलेले दिसले. जमीन सारवलेली होती. भाऊ ह्यांना म्हणाला, "दाजी, तठेच लावा. आईनी जागा करेल शे." ह्यांनी टेम्पो तिथे उभा केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आत आईला आंघोळ घालायचं चाललं होतं. मी तिचे पाय धरले. वहिनी माझ्याजवळ बसली. काल रात्री तुझा निरोप आईंना सांगितला, म्हणाली. गाडी उद्या येतेय म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्या अहिराणीत लेकीला आंडेर म्हणतात आणि 'पाहिजे'ला जोयजे. आई म्हणाली होती, "माले गाडी नही जोयजे. मनी आंडेर जोयजे."

सुरतेहून रेल्वे रोज सुटत होती. त्या तीन दिवसांतही तिन्ही दिवस सुटली.