लाल दोऱ्याचे चार टाके

"माझी टीप उसवून दाखवा, मिशी उतरवतो," असं टेलरमास्तर कारखान्यात जन्मभर छाती ठोकून सांगत आले. काम सोडल्यावर बायकोला आणि नातीला घेऊन ते पहिल्यांदाच बोटीत बसले, आणि अर्ध्या वाटेत समुद्र खवळला. बोट माणसांना सुपातल्या दाण्यांसारखं पाखडू लागली. खलाशांनी खुंटीवरची लाइफ जॅकेटं भराभर वाटली.

नातीच्या जॅकेटाचे बंद बांधताना मास्तरांना गळ्याशी लाल दोऱ्याचे चार टाके दिसले. ही तर त्यांचीच खूण! त्यांनी जॅकेट दाबून पाहिलं. आत गाठी लागल्या. गेल्या वर्षी कारखान्यात जॅकेटांत भरायचा स्पंज संपला तेव्हा मालक हसत म्हणाला होता, "चिंध्या भरा हो मास्तर. नुसती टांगायचीत, घालतंय कोण?" मास्तरांनी मुकाट्यानं भरल्या होत्या. भिजल्या की दगड होणाऱ्या चिंध्या.

ते घाईघाईनं बंद सोडू लागले. तेवढ्यात बायकोला लाल टाके दिसले आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, ही तर तुमच्याच हातची टीप!" तिनं त्यांचे हात बाजूला सारून बंदांना घट्ट निरगाठ मारली. "आता काही काळजी नाही."