जिन्यातला बल्ब

इकडे उत्तरेत, नगरा मोहल्ल्यात, आमच्या वरच्या मजल्यावर एक लाइनमन राहतो. गावोगावी घरांना वीजजोडणी द्यायचं त्याचं काम. आमच्या जिन्यातला बल्ब चोरीला गेला की सगळ्यात जास्त तोच ओरडतो. "क्या जमाना आ गया, भाईसाहब," असं म्हणत भिंत चाचपत खाली उतरतो. महिन्यातून दोनतीनदा तरी. शेवटी माझ्या बायकोने खुणेसाठी नव्या बल्बवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. चार दिवसांत तोही गेला.

परवा जवळच्या बबीना गावाला जायला मी लाइनमनच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत एका गावात त्याचं "पांच मिनट का काम" निघालं. एका म्हातारीच्या घरी त्याने मीटर बसवला, तारा जोडल्या. आता पेटलेल्या बल्बचा फोटो ऑफिसला पाठवायचा, तर म्हातारीकडे बल्बच नाही. त्याने पिशवीतून मोज्यात गुंडाळलेला एक काढला. उजेड पडला, फोटो निघाला. म्हातारीने डब्यांची फळी, खाट, स्वतःचे हात, सगळं नव्याने पाहून घेतलं. बल्ब काढायला त्याने हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

"रहन दो, अम्मा. सरकारी है."

बल्बवर लाल ठिपका होता. माझी नजर तिथेच अडकलेली पाहून तो गंभीरपणे म्हणाला, "सरकारी है, भाईसाहब."

संध्याकाळी मी जिन्यात नवा बल्ब लावायला घेतला. बायको नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे.